एक खटका मागं

आमच्या मालकांचं नाव मल्हारराव आणि माझं बानाबाई. एवढं ऐकलं की समोरचा माणूस हसतोच. जेजुरीची जोडी म्हणतो आणि लगेच विचारतो, "मग म्हाळसा कुठंय?" नवीनवी होते तेव्हा मला राग यायचा. पुढं मी उत्तरच तयार ठेवलं. म्हाळसा कोठीवर बसलीय, असं म्हणायचं आणि बोट दाखवायचं. धान्याच्या पत्र्याच्या कोठीवर, माझ्या जुन्या लुगड्यात गुंडाळून ह्यांचं विमान ठेवलेलं असायचं. मानाची पहिली बायको तीच. मी आपली धनगरवाड्यातून आणलेली दुसरी.

विमान म्हणजे तसं खेळणंच, पण पोराटोरांचं नव्हे. जरा दाबलं तर मोडेल अशा हलक्या लाकडाचं अंग, त्यावर ताणून चिकटवलेला रेशमी कागद आणि नाकावर खरंखुरं इंजिन, पेरूएवढं. ते स्पिरिट आणि एरंडेलावर चालायचं. हो, एरंडेलच, लहानपणी नाक दाबून पाजतात तेच. रविवारी हे माळावरून घरी आले की सदऱ्याला जळक्या एरंडेलाचा भपकारा यायचा, आणि तो सदरा धुताना माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "तुमच्या म्हाळसेला जुलाब झालेत का?" असं मी विचारायची. हे नुसते हसायचे.

ह्यांना हे वेड कुठून लागलं ते सासूबाई सांगायच्या. निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या दिवसांत वैजापूरकडच्या माळावरून एक विमान अगदी खालून गेलं. मेंढरं उधळली, माणसं झाडाखाली दडली, आणि हे एवढंसं पोरगं काठी टाकून वर बघत उभं राहिलं. मेंढरं सोडून आभाळ बघत बसला म्हणून बापानं बडवलं, तर मार खातानाही वरच बघत होतं म्हणे. मोठेपणी हे चितेगावच्या एका कारखान्यात पत्रा ठोकायच्या प्रेसवर लागले. तिथल्या एका साहेबांना ह्या विमानांचा नाद होता. त्यांनी ह्यांना शिकवलं आणि बदली होऊन जाताना विमान ह्यांच्याच हातात ठेवून गेले. भला माणूस, पण माझ्या घरात सवत घालून गेला.

आम्ही गारखेड्यात राहायचो. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं, आणि गारखेड्याच्या पुढं कुसळांचा मोकळा माळ होता. मध्येमध्ये प्लॉटचे दगड रोवायला नुकती सुरुवात झाली होती. दर रविवारी हे आणि सोनाजी भावजी विमान घेऊन तिथं जायचे. सोनाजी म्हणजे ह्यांचा चुलतभाऊ, त्याच कारखान्यात, त्याच प्रेसवर. दिवसभर पत्र्यावर घण पडल्यासारखा दणदणाट ऐकून दोघंही ओरडूनच बोलायचे, आणि दोघांनाही वाटायचं की आपण कानगोष्टी करतोय. आमच्या घरातलं गुपित गल्लीच्या टोकापर्यंत पोचायचं.

त्या वर्षी विमान सारखं पडायला लागलं. वर जायचं, एकदोन फेरे मारायचं आणि मध्येच इंजिन बंद. हे घरी येऊन मोडलेला पंख चिकटवत बसायचे आणि मिठाची गुळणी धरायचे. काही विचारलं तर म्हणायचे, "इंजन म्हातारं झालं." मग एके दिवशी जेवता जेवता म्हणाले, "दिवाळी झाली की देऊन टाकतो कुणाला तरी."

मी खरं तर पेढे वाटायला हवे होते. पण हातातला घास हातातच राहिला. कारण गेलं वर्षभर हा माणूस थोडाथोडा घरातून निघून चालला होता. समोर बसलेला असायचा, पण बोलण्यात नसायचा. पाव्हणे आले तर कोपऱ्यात जाऊन बसायचा. मी हाका मारमारून थकायची आणि रुसून बसायची. माझा रुसवाही ह्यांच्या लक्षात यायचा नाही. आठवड्यातून एक सकाळ तेवढे पूर्वीसारखे असायचे, रविवारची. आता तीही जाणार होती. विमान गेलं असतं तर मला दुःख नव्हतं, पण त्याच्यामागं माझं माणूस गेलं असतं.

म्हणून पुढच्या रविवारी मी न विचारता त्यांच्याबरोबर माळावर गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. सोनाजी भावजी मला बघून गडबडले. "वैनी, हितं बसायला बी काय न्हाय," असं म्हणून त्यांनी आपला टॉवेल दगडावर अंथरला. हे लुगडं सोडून विमान बाहेर काढायला लागले.

विमान कसं उडवतात ते मला तेव्हा दिसलं. दोन बारीक पोलादी तारा, एक टोक विमानाच्या पंखाला, दुसरं टोक एका मुठीला. मूठ धरून माणूस मधोमध उभा राहतो आणि विमान त्याच्याभोवती रिंगण घालतं. मूठ मागं कलली की विमान वर, पुढं कलली की खाली. पण त्याच्या आधी इंजिन लावायचं असतं, आणि खरी मेख तिथंच आहे.

ह्यांनी टाकीत तेल भरलं, इंजिनाच्या डोक्यावरच्या प्लगला बॅटरीची तार लावली, बोटाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला आणि नाकावरच्या पंख्याला फटका मारला. एकदा, दोनदा, पुन्हा एकदा. आणि एकदम असा काही आवाज फुटला की मी दगडावरून उठून उभीच राहिले. पेरूएवढ्या वस्तूतून एवढा आवाज! सोनाजी भावजी विमान मागून घट्ट धरून बसले होते आणि त्यांचे दंड थरथरत होते. पंखा दिसेनासा झाला, कुसळं मागं लोळण घ्यायला लागली, आणि पांढऱ्या धुराचा पट्टा माळावर पसरत गेला. मी घरात बसून ह्या बयेला नावं ठेवत होते, आणि ती इथं येऊन हे करत होती. मला खरंच धाक वाटला.

इंजिनाला कार्बोरेटर म्हणजे एक बारीकशी नळी असते आणि तिच्यात एक सुई. सुई आत फिरवली की स्पिरिट कमी जातं, बाहेर काढली की जास्त. फिरवताना दर टप्प्याला बोटाला बारीक खटका लागतो. हे पंख्याच्या मागून हात घालून ती सुई फिरवायला लागले. आधी आवाज भरलेला होता, घशात घास असताना बोलल्यासारखा. सुई आत गेली तसा तो निवळत गेला, चढत गेला, आणि एका जागी एकदम मोकळा झाला. स्वच्छ. मला वाटलं, झालं, आता उडवतील.

पण हे थांबलेच नाहीत. कान इंजिनाकडं कलवून सुई आणखी आत फिरवत राहिले. आवाज ताणला गेला, चिरका झाला, त्यातला धूर गेला, आणि मग तो खचायला लागला. ह्यांच्या कपाळावर आठ्या. पुन्हा एक खटका आत. इंजिन कळवळलं आणि बंद पडलं.

"अजून जडच वाजतंय," हे सोनाजीला म्हणाले. "मोकळं व्हतच न्हाय."

"न्हाय व्हत," सोनाजी भावजी म्हणाले. ते ह्यांच्या शब्दाला कधी नाही म्हणत नाहीत.

आणि मला सगळं एकदम कळलं. कुकरच्या शिट्ट्या होत असताना शेजारी बसून पेपर वाचणारे हे. पुढच्या दाराची कडी वाजताना न उठणारे हे. माझ्या हाका. हे मला टाळत नव्हते. ज्या मोकळ्या आवाजाची ते इंजिनापाशी वाट बघत होते, तो येऊन गेला होता. त्यांच्यापर्यंत पोचला नव्हता, एवढंच. आवाजाचा वरचा बारीक शेंडा प्रेसनं कापून नेला होता, आणि खालचं खोड तेवढं त्यांना ऐकू येत होतं. रुसण्यात घालवलेलं सगळं वर्ष मला तिथं उभ्या उभ्या टोचलं.

मी जवळ गेले. "लई घट्ट केली सुई तुमी. मघाशीच मोकळं झालं व्हतं."

"काय?"

"मघाशीच मोकळं झालं व्हतं म्हनलं!"

"तुला काय कळतंय गं त्यातलं? आज पयल्यांदा आलीस."

"कळत न्हाय. ऐकू येतंय."

शब्द तोंडातून गेला आणि मी जीभ चावली. ह्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मला वाटलं आता विमान उचलतील आणि घराकडं चालायला लागतील. सोनाजी भावजी उगाच टाकीचं टोपण उघडझाप करायला लागले. हे खाली बसले, इंजिनावरचं तेल फडक्यानं पुसत राहिले. पुसून झालं तरी पुसत राहिले.

"हात तुमचा, कान माजा," मी जरा खाली वाकून म्हणाले. "एकडाव बगा तरी. न्हाय जमलं तर दिवाळीची वाट कशाला बगायची, आजच देऊन टाकू."

हे हो म्हणाले नाहीत. टाकीत तेल भरायला लागले. ह्यांचं हो असंच असतं. लग्न ठरलं तेव्हाही माझ्या बापाला एवढंच मिळालं होतं.

इंजिनाच्या आवाजात माझं बोलणं कुणालाच ऐकू गेलं नसतं, म्हणून मी ह्यांच्या मागं बसून कोपर धरलं. पुढं लोटलं की सुई आत, मागं ओढलं की बाहेर, सोडलं की बस्स. इंजिन लागलं. मी डोळे मिटले आणि लोटत गेले. भरलेलं, भरलेलं, निवळलं, मोकळं झालं. पण अजून थोडा धूर होता. माझ्या माहेरी विहिरीवर डिझेल इंजिन होतं. त्यानं धूर सोडला की बाप शिव्या द्यायचा आणि मिस्त्रीला बोलावणं जायचं. धूर म्हणजे दुखणं, हे माझ्या डोक्यात पक्कं. म्हणून मी आणखी लोटलं. धूर पार गेला, आवाज उंच चढला, लख्ख झाला, आणि मी कोपर सोडलं. मला वाटलं, ह्याच्यावर आता काही नाही.

हे मुठीकडं पळाले, सोनाजी भावजींनी विमान सोडलं. ते कुसळांवरून धावलं आणि उचललं गेलं. दुसऱ्याच फेऱ्याला आवाज ताणला, चिरका झाला, आणि बंद. विमान तसंच तरंगत येऊन गवतात आदळलं. चाक वाकलं.

मीच बुडवलं होतं. मी ह्यांच्याकडं बघितलं तर हे हसत होते.

"धूर जाईस्तवर थांबलीस व्हय?" ह्यांनी विचारलं.

"मंग? धूर म्हंजी बिघाडच की. आमच्या विहिरीवर..."

"अगं, ते डिझेल! त्येचा धूर काळा. हा पांढरा हाय. ह्यो बिघाड न्हाय, ह्यो तिचा जीव हाय." हे वाकलेलं चाक सरळ करता करता बोलायला लागले. एरंडेल आतून फिरून सगळं गार ठेवतं आणि मग धूर होऊन बाहेर पडतं. धूर दिसतोय तोवर आतला लोखंडाचा दट्ट्या तेलात आहे. धूर गेला की तो कोरडा पडतो. "आन् मोकळं झालं की तितंच सोडायचं नसतं. मोकळं झालं की एक खटका मागं यायचं."

"मागं कशापायी? मोकळं तर तितं वाजतंय."

"जमिनीवर वाजतंय. हितं ती एका जागी उभी असती, जोर लावती. वर गेली की हलकी व्हती, जोरात पळती, मंग तेवढंच स्पिरिट तिला पुरत न्हाय. हितं जराशी भरलेली ठिवायची, म्हंजी वर गेल्यावर मोकळी व्हती."

वर्षभरात हा माणूस इतकं सलग बोलला नव्हता. आणि बोलताना मान खाली नव्हती. जमिनीवर बरोबर वाटतं ते वर चुकतं, हे कुणीतरी कधीतरी असंच कान लावून शोधून काढलं असेल, आणि ते साहेबांकडून ह्यांच्याकडं, ह्यांच्याकडून आज माझ्याकडं आलं होतं.

तिसऱ्यांदा इंजिन लागलं. मी लोटत लोटत मोकळ्यापर्यंत नेलं आणि मग कोपर हलकेच मागं ओढलं. एक खटका. आवाजात पुन्हा थोडा घास भरला, धूर आला. मग ह्यांनी मला ऐकायची खूण केली आणि सोनाजी भावजींच्या हातातून विमान घेतलं. चालू इंजिनासकट दोन्ही हातांनी वर उचललं आणि त्याचं नाक सरळ आभाळाकडं केलं.

तेव्हा जे ऐकलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. नाक वर होताच तो भरलेला आवाज मोकळा झाला. कुणी सुईला हात लावला नव्हता. ह्यांनी नाक पुन्हा सरळ केलं, तर घास भरला. पुन्हा वर, पुन्हा मोकळा. आभाळाकडं तोंड केलं की ती गळा खुला करत होती, आणि जमिनीकडं आणलं की गप्प बसत होती. एवढ्या दणदणाटात एक केसाएवढी रेघ होती, तिच्या अलीकडं एक आवाज आणि पलीकडं दुसरा, आणि ती बरोबर त्या रेघेवर उभी होती. आणखी एक खटका आत गेला असता तर नाक वर केल्यावर ती खचली असती. मला देवळात वाटत नाही तेवढं तिथं वाटलं. मी मान हलवली, दोन्ही हात वर करून हलवले. हे धुरात उभे होते, तोंडावर तेल उडत होतं, आणि त्यांची नजर विमानावर नव्हती, माझ्या तोंडावर होती. मला काय ऐकू येतंय ते ते माझ्या तोंडावर बघत होते.

विमान सोनाजी भावजींकडं देऊन ह्यांनी माझा हात धरला आणि मला रिंगणाच्या मध्ये नेलं. भर माळावर, भावजींच्या देखत. मी पदर खोचला. ह्यांच्या पाठीमागं उभी राहिले आणि त्यांच्या पाठीवर तळहात ठेवला. ती मोकळी झाली की दाबायचं, एवढंच ठरलं.

भावजींनी सोडलं. ती धावली, उचलली गेली आणि आमच्याभोवती फिरायला लागली, आणि तिच्याबरोबर आम्ही दोघं. फुगडी खेळून किती वर्षं झाली होती! गारखेड्याची घरं फिरली, बाभळी फिरल्या, प्लॉटचे दगड फिरले, फक्त ती तेवढी एका जागी थांबल्यासारखी समोर, मागं धुराची लांब वेणी सोडून. ह्यांनी मूठ मागं कलवली. ती वर चढली आणि आवाज मोकळा झाला. मी पाठ दाबली. खाली आली, घास भरला, मी हात सैल सोडला. पुन्हा वर. पुन्हा दाबलं. मला चक्कर येत होती आणि रडू येत होतं आणि मी मोठ्यानं काहीतरी ओरडत होते, काय ते मलाही माहीत नाही. लहानपणी काठी टाकून वर बघत उभं राहिलेलं पोरगं काय बघत होतं, ते मला त्या दिवशी दिसलं.

मग टाकी संपली. माझ्याआधी ते ह्यांनाच कळलं. मुठीतल्या तारांची ओढ कमी झाली असणार. ती अर्धं रिंगण आवाज न करता तरंगली आणि चाकं टेकवून कुसळांत थांबली. आम्हीही थांबलो, पण जमीन फिरतच होती, म्हणून एकमेकांना धरून उभे राहिलो. लांबून सोनाजी भावजी हात वर करून नाचत येत होते.

"आता काय वाजायलंय?" ह्यांनी विचारलं.

"काय न्हाय. बंद पडलं की."

"तसं न्हाय. तुला आता काय काय ऐकू यायलंय, सांग."

मी कान दिला. "लांब रोडवरनं ट्रक चाललाय. भावजींच्या चपला वाजायल्यात. कुसळात वारा हाय. आन् टिटव्या कावल्यात, आपून त्यांचं रान उठवलं म्हून."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. "टिटव्या?"

"व्हय. त्या तिकडं, बांधापाशी. कवाच्या ओरडायल्यात."

हे बांधाकडं बघत राहिले. मग म्हणाले, आणि ह्या खेपेला खरोखर हळू म्हणाले, "मला वाटलं, प्लॉट पडायले म्हून टिटव्या गेल्या हितनं."

मी नुसती मान हलवली. नाही गेल्या.

"कशा ओरडायल्यात? ओरडून दाव."

मग मी, चार पोरांची आई, सोनाजी भावजींच्या देखत, भर माळावर टिटवीसारखी ओरडले. बारीक आवाजात नाही. जाड, घोगऱ्या आवाजात, त्यांना ऐकू जाईल असं.